सोळावा हिस्सा

दर भुंगेऱ्यामागे एक पाय. डाव्या बाजूचा मधला, आणि तोही अख्खा नाही; टोकाकडची फक्त दोन पेरं. पुढचे पाय वाळू उकरायला लागतात, मागचे ती मागे लोटायला. मधल्या पायाचं टोक गेलं तर भुंगेरा दोन-तीन दिवस जरा तिरका चालतो आणि मग विसरून जातो. ही पद्धत क्लॅरी टॅमलिनने बसवली होती. क्लॅरीने उभं आयुष्य पाटकरी म्हणून काढलं. कालव्याची दारं उघडायची, फळबागांना पाणी द्यायचं, दारं बंद करायची. कीटकशास्त्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण फिडलर्स फ्लॅटवरचे भुंगेरे तो पंचावन्न वर्षं मोजत होता, आणि इश्बेल गन विद्यापीठातून चिमटा आणि स्पिरिटच्या नळ्या घेऊन पहिल्यांदा तिथे आली, तेव्हा तिच्या खांद्यावरून वाकून बघत तोच म्हणाला होता, "मधला घे पोरी. मधल्यावाचून त्यांचं अडत नाही."

दोन वर्षांत तिने असे एकशे अठरा पाय जमवले.

फ्लॅट म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला उरलेला चाळीस हेक्टरांचा वाळूचा तुकडा. एका बाजूला सोनं धुणाऱ्यांनी कधीकाळी उपसून ठेवलेले गोट्यांचे ढीग, दुसऱ्या बाजूला चेरीच्या बागा. त्या वाळूत राहणारा भुंगेरा हुमणीच्या कुळातला, अंगठ्याच्या नखाएवढा, मातकट रंगाचा. पाठीवरची दोन्ही कवचं मधोमध सांधलेली, खाली पंखांच्या जागी नुसते खुंट. उडण्याचा प्रश्नच नाही. जन्मभरात चार-पाचशे मीटर चालला तरी खूप झालं. नदीपलीकडच्या वाळूत त्याचा भाऊबंद राहतो, नदीकाठचा भुंगेरा. त्याला शंभर वर्षांपूर्वीच शास्त्रीय नाव मिळालं, नंतर कुंपण मिळालं, पाटीही मिळाली. फ्लॅटवरचा त्याच्याहून वेगळा आहे असं क्लॅरी भेटेल त्याला सांगायचा. "याच्या खांद्याला कंगोरा असतो. बोट फिरवून बघा." कुणी बोट फिरवलं नाही.

इश्बेलने पहिल्या वर्षी त्या पायांतला फक्त तंतुकणिकांचा डीएनए वाचला. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो केवळ आईकडून येतो. नदीकाठच्या भुंगेऱ्यापेक्षा तो पाच टक्क्यांनी वेगळा निघाला. पाच टक्के म्हणजे वीसेक लाख वर्षांची ताटातूट. तेवढ्या एका आकड्यावर कौन्सिलने शेजारचा बागायतदार हॅमिश व्हीलन याच्या फ्लॅटवरच्या नव्या चेरीबागेचा परवाना थांबवला आणि ऑक्टोबरअखेरची सुनावणी लावली. स्वतंत्र जात ठरली तर फ्लॅट राखीव. नाही ठरली तर बाग, कारण नदीकाठच्या भुंगेऱ्याला पलीकडे जागा आहेच. नव्या जातीचं वर्णन करणाऱ्या निबंधाचा मसुदा तयार होता आणि त्यात जातीला नावही दिलेलं होतं. क्लॅरीच्या बायकोचं, डोरीनचं. ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

राहिलं होतं ते केंद्रकातल्या डीएनएचं काम. तो आई आणि बाप दोघांकडून येतो, म्हणून खरी साक्ष त्याची. त्यातून तेच उत्तर येणार याबद्दल इश्बेलला शंका नव्हती. खटला आणखी भक्कम व्हावा म्हणून तिने संग्रहालयाच्या खणातून क्लॅरीने १९७४ साली टाचणीला लावलेले सहा भुंगेरे मागवले आणि त्यांचेही पाय घेतले. मेलेल्यांचे पाय तोडताना तिला जास्त वाईट वाटलं. ते लंगडणारही नव्हते.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी निकाल आला, तिसऱ्यांदा. विद्यापीठाच्या गावी, ड्युनेडिनला, बंदरावरून धुकं वर चढलं होतं आणि प्रयोगशाळेतली मंडळी दहाच्या चहाला खाली गेली होती. पडद्यावर दर भुंगेऱ्याची एक उभी पट्टी होती; रंगावरून त्याचा वंश कळायचा. नदीकाठच्यांच्या पट्ट्या निळ्या. १९७४च्या सहा पट्ट्या नारिंगी, स्वच्छ, एकाही निळ्या ठिपक्याशिवाय. आणि मग फ्लॅटवरच्या हल्लीच्या पट्ट्या, एकशे अठरा. त्या निळ्या होत्या. प्रत्येकीच्या तळाशी नारिंगीची बारीक किनार, बस्स.

मेरेआना तिची मार्गदर्शक. चहाचा मग घेऊन वर आली आणि बराच वेळ उभ्या उभ्याच बघत राहिली.

"नळ्या आपसात बदलल्यास तू."

"नाही बदलल्या."

"सगळे असंच म्हणतात. मीही म्हणाले होते एकदा. सहा महिने पाण्यात."

"तीनदा केलंय, मेरेआना. तिसऱ्यांदा तर प्रत्येक पायाचं उरलेलं दुसरं पेर घेतलं. आणि तंतुकणिकांचं बघ ना, ते अजून जुनंच आहे. सगळ्यांचं. नळ्या बदलल्या असत्या तर तेही बदललं असतं."

मेरेआनाने खुर्ची ओढली. "म्हणजे १९७४ साली तिथे एक वेगळी जात होती."

"हो."

"आणि आता नाही. आता तिथे नदीकाठचाच भुंगेरा आहे, फक्त आईकडचं जुनं वाण घेऊन हिंडणारा." तिने चहाचा घोट घेतला. "आया फ्लॅटवरच्या. बाप पलीकडचे."

"बाप नदी ओलांडून कसे येतील? पंख नाहीत त्यांना."

"येणार नाहीतच. कुणीतरी आणले." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "मधल्या काळात तिथे काय झालं ते सांगू शकणारा माणूस एकच आहे. जा, विचारून ये. पण निकाल आधी सांगू नकोस. निकाल ऐकला की माणसाची आठवण त्याला जाऊन चिकटते. आधी विचार, नंतर सांग."

"म्हणजे मी फसवायचं त्यांना?"

"फक्त विचारायचं. फसवणं वेगळं."

"विचारणाऱ्याला वेगळं," इश्बेल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीन तास गाडी हाकून ती पोचली तेव्हा क्लॅरीच्या फाटकाशी हॅमिश व्हीलनची गाडी उभी होती. सप्टेंबरात इकडे वसंत; फुलोऱ्याचे दिवस, पहाटेचं दव गोठू नये म्हणून त्याने बागेतले पंखे तासन्‌तास चालवले असणार. डोळे लाल होते.

"काय गं पायतोडे! आज कितीजणांना लंगडं करणार?"

"हॅमिश, सुनावणीआधी आपण बोलायचं नाहीये."

"बोलतोय कुठे? शिव्या देतोय. म्हाताऱ्याला सांग, त्याच्या छपराचा पत्रा सुटलाय. मी शिडी घेऊन गेलो की कुत्रा सोडतो माझ्यावर."

"त्यांच्याकडे कुत्रा नाही."

"तेच ना! शेजाऱ्यांचा मागून आणतो आणि सोडतो."

स्वयंपाकघरात क्लॅरीने चीज रोल भाजायला ठेवले होते. पाव लाटून, आत चीज आणि कांद्याचं सारण भरून केलेल्या त्या गुंडाळ्या, त्याला एवढी एकच गोष्ट करता येते म्हणून, तो कुणी आलं की करायचा. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण पाठ ताठ.

"डॉक्टरीणबाई काय म्हणतायत?" मेरेआनाला तो असंच म्हणायचा. "लागला का निकाल?"

"काम चालू आहे," इश्बेल म्हणाली. खोटं नव्हतं. तिने वही उघडली. "क्लॅरी, एक विचारायचं होतं. फ्लॅटवर कधी बाहेरून काही आणलं होतं का कुणी? माती, रोपं? भुंगेरे?"

तो वळला. हातात चिमटा, चिमट्यात रोल. इश्बेलला वाटलं, आता हा नाही म्हणेल. नाही म्हणाला तर बरं. नाही म्हणाला तर अहवालात लिहिता येईल की कारण अज्ञात आहे, अधिक अभ्यास हवा, तोवर जागेला हात लावू नये. अशी वाक्यं कितीतरी अहवालांत असतात.

पण क्लॅरी हसला. सगळा चेहरा सुरकुतला. "कुणी सांगितलं तुला? डोरीनच्या बहिणीने ना? तिच्या पोटात काही राहत नाही."

"कुणी नाही सांगितलं."

"मग बस. खा आधी." त्याने रोल तिच्यापुढे ठेवला आणि स्वतः समोर बसला. "खाली धरण झालं, तेव्हाची गोष्ट. पाणी चढणार म्हणून माणसांना नवी घरं दिली. चर्चसुद्धा दगडन्‌दगड सुटा करून वर आणून बांधलं. आणि नदीपलीकडे जुन्या तराफ्याच्या धक्क्यापाशी वाळू होती, हजारो भुंगेरे त्या वाळूत. नदीकाठचे. त्यांचं कोण बघणार? मी पत्र लिहिलं, की यांना उचलून राखीव जागेत सोडू द्या. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तेव्हा डोरीन म्हणाली, पत्र वाचेपर्यंत भुंगेरे पोहायला शिकतील."

"मग?"

"मग काय, दुधाच्या दोन बादल्या घेतल्या. दर वसंतात संध्याकाळची जायचो. मी गोळा करायचो, ती कंदील धरायची आणि मोजायची. चारेकशे मिळायचे एका वसंतात. आणून फ्लॅटवर सोडले. तिथे जागाच जागा. त्याआधीचे दोन उन्हाळे फार कोरडे गेले होते, आमच्या मोजणीत त्या साली तीन सापडले होते तीन. मला वाटलं, आता फ्लॅट रिकामाच पडणार, तर निदान यांना तरी घर होईल."

इश्बेलची पेन्सिल थांबली होती. "पण तुम्हीच म्हणायचात की फ्लॅटवरचे वेगळे आहेत."

"वेगळे होते म्हणूनच तर! वेगळी जात म्हणजे वेगळी राहणार. घोडा आणि गाय एका कुरणात चरतातच ना? सारखेच असते तर मिसळले असते, म्हणून नसते सोडले. डोरीनने मात्र वाद घातला. म्हणाली, तिथे आधीच कुणी राहतंय क्लॅरी, त्यांना विचारलंस का?" आठवण येऊन तो पुन्हा हसला. "तसे नदीकाठचे काही रुजले नाहीत तिथे. हवा मानवली नसेल. पण आमचे सावरले! तीनाचे सत्तर झाले, सत्तराचे दोनशे. परवाना नव्हता म्हणून बोललो नाही कुठे. आणि रुजलेच नाहीत तर सांगायचं काय?"

"किती वसंत नेलेत?"

"चार. पाचव्याला पाणी आलं."

"बादलीत माद्या किती असायच्या?"

"माद्या? दोन-चार. माद्या वर येतातच कुठे? त्या बिळाच्या तोंडाशी बसतात आणि हिंडतात ते नर. बादलीत नरच भरायचे." त्याने तिच्या बशीकडे पाहिलं. "खात का नाहीस? करपलेत का?"

ती खाली बघत राहिली. बिळाच्या तोंडाशी बसलेल्या मूठभर माद्या, आणि दर वसंतात त्यांच्याकडे येणारे चारशे परके नर. पहिल्या वर्षीच्या पिल्लांत जुन्या जातीचा अर्धा वाटा. दुसऱ्या वर्षी चौथाई. मग आठवा. मग सोळावा. सोळावा हिस्सा म्हणजे सव्वासहा टक्के. निळ्या पट्ट्यांच्या तळाशी असलेल्या नारिंगी किनारीची सरासरी तिला पाठ होती. सहा पूर्णांक एक. इतकं तंतोतंत जुळलेलं उत्तर तिला आजवर कुठल्याच प्रयोगात मिळालं नव्हतं. स्वतःची लाज वाटत असतानाही तिला आतून बरं वाटलं, कोडं सुटल्याचं.

आधी विचार, नंतर सांग. विचारून झालं होतं. तिने रोल खाल्ला, एक घाससुद्धा चव न कळता, पत्र्याबद्दल हॅमिशचा निरोप दिला, आणि निघाली.

"सांगितलंस?" मेरेआनाने फोनवर विचारलं.

"नाही."

"इश्बेल, अहवाल पुढच्या आठवड्यात दोन्ही बाजूंना जातो. हॅमिशचा वकील तो वाचणार. सुनावणीच्या खोलीत चाळीस माणसं असतील. त्यांच्यासमोर क्लॅरीने हे त्या वकिलाच्या तोंडून ऐकायचं का?"

"तूच सांग ना त्यांना."

"मी सांगू शकते. पण रोल तू खाल्लास."

गुरुवारी ती परत गेली. क्लॅरी घरी नव्हता, फ्लॅटवर सापडला. दुपारच्या उन्हात रानटी थाइमच्या झुडपांचा वास भरून राहिला होता. एका गोट्याखाली त्याला एक मेलेला भुंगेरा मिळाला होता आणि तो त्याच्या खांद्यावरून अंगठा फिरवत होता.

"हल्ली कंगोरा नीट लागत नाही," तो म्हणाला. "बोटं बोथट झाली माझी."

"बोटं नाही झाली," इश्बेल म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. रंगीत पट्ट्या काढून दाखवायला कागद आणला होता, पण तो लागला नाही. आईकडचा डीएनए आणि बापाकडचा हे तिने दोनदा समजावलं तेव्हा त्याने हात वर केला, पहिल्यांदाच कळलं होतं अशा अर्थी. सोळाव्या हिश्शापर्यंत ती आली तेव्हा तो खाली बसला. वाळूवर, मांडी न घालता, पाय पुढे पसरून, दमलेला माणूस बसतो तसा.

"म्हणजे नदीकाठचे रुजले," तो म्हणाला.

"हो."

"आणि आमचे सावरले नाहीत. ते सावरले असं मी म्हणायचो ते..."

"ती नदीकाठच्यांचीच मुलं."

गोट्यांच्या ढिगावरून एक ससा पळाला. क्लॅरीने तिकडे बघितलंही नाही.

"नसते आणले तर?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही. तीनच मोजले होते तुम्ही. इतके कमी राहिले की तसेही संपतात पुष्कळदा. कदाचित दोन-तीन वर्षांत..."

"कदाचित नको." आवाज चढला नव्हता. "मोजणीला दोन माणसं होतो आम्ही. एका संध्याकाळी तीन दिसले म्हणजे वाळूत साठ-सत्तर असतात, हे मीच सांगितलंय तुला. तुझ्या निबंधात आहे ते, माझं नाव घालून. साठ भुंगेरे कोरड्या उन्हाळ्यातून तरतात की नाही?"

इश्बेल गोट्यांच्या ढिगाकडे बघायला लागली.

"तुझ्या शिक्षणाला विचारतोय, पोरी. तरतात की नाही?"

"तरू शकतात," ती म्हणाली. "नदीपलीकडे एकदा चाळिसांवरून वर आलेत."

त्याने मान हलवली. ती शेजारी बसली. हातात कागद होता, त्याची घडी घालत आणि उलगडत राहिली.

"मी पंचावन्न वर्षं मोजत होतो," तो शेवटी म्हणाला. "त्यातली तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यालाच मोजलं."

"क्लॅरी, मी अहवालात 'स्थलांतर कुणी केलं ते माहीत नाही' असं लिहू शकते. निकाल बदलत नाही त्याने. तुमचं नाव यायची गरज नाही."

"खोटं लिहिणार?"

"खोटं नाही. अर्धवट."

"तुझ्या डॉक्टरीणबाईला विचारलंस?"

"नाही."

"विचारूही नकोस. तुला नोकरी करायचीय." त्याने मेलेला भुंगेरा तिच्या हातावर ठेवला. "डोरीनचं नाव ठेवलंय ना त्या जातीला? तुमच्याकडे टाचणीवर सहा आहेत म्हणालीस, जुने, खरे. त्यांच्यावरून जात लिहिता येते का?"

"येते. नामशेष जात म्हणून."

"मग नाव तेच ठेव. होता तो होता. आणि कसा गेला, कुणी घालवला, तेही लिही. माझं नाव पूर्ण लिही, क्लॅरन्स. नुसतं क्लॅरी लिहिलंस तर लोकांना वाटेल कुणी गमत्या म्हातारा होता."

उठताना त्याने तिचा हात धरला, पण उभा राहिल्यावर लगेच सोडला.

सुनावणी ऑक्टोबरच्या शेवटच्या बुधवारी गावच्या सभागृहात झाली. मागच्या बाजूला कुणीतरी मोठ्या किटलीत चहा ठेवला होता. इश्बेलने अकरा मिनिटांत निकाल वाचून दाखवला. वाचताना क्लॅरीच्या खुर्चीकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं आणि ते पाळलं. फ्लॅटवरचा सध्याचा भुंगेरा स्वतंत्र जात नाही. स्वतंत्र जात तिथे होती. परके नर आणून सोडल्याने ती चार पिढ्यांत विरली. हॅमिशच्या वकिलाने विचारलं, "कुणी आणून सोडल्याने?" अहवालात ते लिहिलेलं होतं, वकिलाने वाचलंही होतं, ते मोठ्याने वदवून घ्यायचं होतं त्याला.

ती तोंड उघडणार तोच मागून आवाज आला. "मी. टॅमलिन. क्लॅरन्स टॅमलिन. आणखी काय विचारायचं असेल ते मला विचारा, तिला नको. ती तेव्हा जन्मालासुद्धा आली नव्हती."

वकिलाला आणखी काही विचारायचं नव्हतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "मिस्टर टॅमलिन, तुम्हाला जागेबद्दल काही म्हणायचं आहे का?" तो म्हणाला, "नाही. आता नाही."

परवाना दोन आठवड्यांनी मिळाला. त्याआधीच, सभागृहाच्या दाराशी, हॅमिश टोपी हातात घेऊन क्लॅरीपुढे आला होता. "हे बघ क्लॅरी, रस्त्याकडचा कोपरा मी तसाच सोडतो. एक हेक्टर. कुंपण घालून देतो."

"कशाला?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नको. आणि त्यांच्यासाठी पलीकडे आहे." मग जाता जाता थांबून क्लॅरी म्हणाला, "छपराचा पत्रा मात्र ठोकून दे. कुत्रा परत दिलाय मी." हॅमिश हसला नाही. शिडी आणायला गेला.

सपाटीकरणाला सोमवारी सुरुवात होणार होती. आदल्या शुक्रवारी इश्बेल फ्लॅटवर जायला निघाली. आईकडचा तो जुना डीएनए अजून तिथल्या माद्यांमध्ये होता. मिळतील तेवढे नमुने गोळा करून शीतपेटीत ठेवावेत असं मेरेआना म्हणाली होती. कशासाठी, हे दोघींपैकी कुणीच विचारलं नव्हतं. वाटेत ती क्लॅरीकडे थांबली आणि येता का म्हणून विचारलं. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. बिळं कुठे आहेत ते त्याने बोटाने हवेत रेघा ओढून सांगितलं, दुसऱ्या ढिगाच्या सावलीपासून उजवीकडे, थाइम संपतं तिथे. स्वतः उठला नाही.

दुपारचा वारा सुटला होता. तिला पहिली मादी तिसऱ्या बिळात मिळाली, तोंडापासून वीतभर आत, पुढचे पाय पोटाशी घेतलेले. इश्बेलने तिला तळहातावर घेतलं. खांद्यावरून बोट फिरवलं. काही लागलं नाही. पुन्हा फिरवलं, नखाच्या कडेने, सावकाश, काही नाही.

तिने चिमट्याने डावा मधला पाय धरला, दोन पेरं तोडली आणि नळीत टाकली. मादी तिरकी तिरकी चालत वाळूत शिरायला लागली. इश्बेलने लेबलावर तारीख लिहिली, फिडलर्स फ्लॅट लिहिलं, क्रमांक लिहिला. जातीच्या जागी नदीकाठच्या भुंगेऱ्याचं शास्त्रीय नाव लिहिलं, दोन्ही शब्द, पूर्ण. तेच बरोबर होतं. झाकण घट्ट केलं आणि पुढच्या बिळाशी जाऊन गुडघ्यांवर बसली.